तिसऱ्या टेबलावरचा हात

माझी मुलगी आणि मी एकाच कंपनीत, एकाच हॉलमध्ये, एकाच शिफ्टला कामाला होतो. फरक इतकाच की मी हॉलमध्ये असायचे आणि ती घरी.

कंपनी मुसळगावच्या एमआयडीसीत, सिन्नरजवळ. रेल्वेच्या सिग्नलला लागणाऱ्या बारीक कॉइल्स आम्ही करतो. अंगठीएवढी कडी असते. तिच्यात केसासारखी तांब्याची तार आतून-बाहेरून ओवत न्यायची, फेऱ्याला फेरा चिकटून आला पाहिजे, पण फेऱ्यावर फेरा चढता कामा नये. मोठ्या कॉइलला मशीन आहे, या कामाला अजून बोटंच लागतात. मी टेस्टिंगला. ओवलेली कॉइल माझ्याकडे येते, मी भिंगाखाली बघते, मीटरला लावते आणि पास की नापास ते सांगते. माझ्या तोंडाला सगळा हॉल वचकून असतो. रोहिणी सांगळेनं नापास केलेला नग मालकाच्या बापालाही पास करता येत नाही म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

ईश्वरीनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि आमच्याकडेच तिला इंटर्नशिप मिळाली, तेव्हा मला वाटलं, आता मायलेकी एका रिक्षात बसून जाऊ. कसलं काय. कंपनीनं इंटर्न हॉलमध्ये घेणंच बंद केलं होतं. पोरगी सिन्नरला, कंपनी मुसळगावला, आणि इंटर्नशिप रिमोट. त्यात ईश्वरीला लहानपणापासून साखर, टाइप वन. इन्सुलिन घेतल्याशिवाय जेवायचं नाही, आणि इन्सुलिन घेऊन जेवली नाही तर जिवावर बेतायचं. तिची वैद्यकीय फाइल बघून एचआरची बाई गोड हसली. म्हणाली, "काकू, उलट बरंच की. घरी सुरक्षित राहील."

"घरी आहे कोण तिला सुरक्षित ठेवायला?" मी म्हणाले. "तिचे पप्पा ट्रेलर घेऊन मुंद्र्याला, मी इथं तुमच्याकडे."

त्या रात्री घरात माझी बडबड चालू होती. ईश्वरी पोळी मोडत ऐकत होती.

"आई, माझ्या बॅचला सुरगाण्याची मुलगी आहे," ती म्हणाली. "पाड्यावर बसून काम करते. रोज हॉलमध्ये यायचं असतं तर तिला घरातून सोडलं असतं का कुणी?"

"ते मला पटतं. पण तू सुरगाण्याची आहेस का? बोटांचं काम आहे हे. दुसरीचा हात बघून आपला हात शिकतो. चुकलं की शेजारची हाक मारते, मी ओरडते, त्यातून कळतं."

"ओरडायला तू घरी आहेसच की," ती म्हणाली आणि हसली. अशी गोड बोलायची की पुढं बोलणं खुंटायचं.

तर घरी तिला दोन हातमोजे आले. पातळ, आतून गुळगुळीत. हॉलमध्ये तिसऱ्या टेबलावर एक हात बसवला, पाच बोटांचा, वर कॅमेरा, खाली बारका स्पीकर. ईश्वरी घरी बोट हलवायची, इथं हात हलायचा. इथं तारेला ताण बसला की तिला मोज्यात तो ताण जाणवायचा. हाताच्या मनगटावर दिवा होता. इंटर्न जोडलेली असली की हिरवा, नसली की लाल.

हे सगळं बघणारा इंजिनिअर तेजस डुंबरे. पोरगा सज्जन, समजावून सांगायची हौस. मी त्याला विचारलं होतं की इतक्या लांबून इतकं बारीक काम कसं जमतं. त्यानं सांगितलं ते असं. तार तुटायच्या बेतात आली ही खबर इथून निघून, कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून फिरून घरी पोचेपर्यंत डोळ्याची पापणी लवून जाते, आणि तेवढ्यात तार तुटलेली असते. म्हणून कंपनीनं एक युक्ती केली. प्रत्येक इंटर्नचा हात कसा चालतो ते यंत्र शिकत राहतं. आता ही कुठं वळणार, किती ओढणार, याचा अंदाज बांधून ते तिच्या थोडं आधीच हात हलवतं. अंदाज चुकला तर मागून सुधारतं. या अंदाजाला ते लोक 'सावली' म्हणायचे. लाइट गेली, नेट गेलं, तरी सावली थोडा वेळ काम धरून ठेवते.

"किती वेळ?" मी विचारलं.

"चहा गाळून होईपर्यंत समजा. मग दिवा लाल."

सुरुवातीला मला हे बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मोबाइल आम्हाला गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. ईश्वरीच्या दंडावर सेन्सर आहे, साखर उतरली की माझ्या मोबाइलवर शिटी वाजते, पण लॉकरात वाजलेली शिटी माझ्या काय कामाची? आता मात्र तिचा हातच माझ्या डोळ्यांसमोर होता. साखर उतरली की आधी तिच्या बोटांना कापरं भरतं, हे मी तिच्या लहानपणापासून बघत आले. पहिल्या महिन्यात दोनदा तसं झालं. हात थरथरायला लागला की मी माझ्या खुर्चीवरून ओरडायचे, "इशू, बिस्कीट खा आधी."

"खाते, खाते. सगळ्या हॉलला कशाला सांगतेस?" स्पीकरमधून यायचं. शेजारच्या टेबलावरची शोभा बोडके खुदकन हसायची.

पावसाळा सरता सरता हात थरथरायचा थांबला. ईश्वरीच्या कॉइल्स एकदम सुधारल्या. मी भिंग फिरवून फिरवून बघायचे आणि खोट सापडायची नाही. मला वाटलं, लेकीनं साखर ताब्यात आणली, खाण्यापिण्याचं नीट बघायला लागली. शोभाला मी म्हणालेही, "बघ, नोकरी लागली की पोरं सुधारतात." शेजारच्या टेबलावरून शोभा म्हणाली, "तू शिव्या दिल्या नसत्यास तर आधीच सुधारली असती."

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते आणि घरच्या माणसांना हॉलमध्ये सोडतात. ईश्वरी अबोली रंगाची साडी नेसून आली. आपल्याच हाताला तिनं हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. सगळ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, कारण बॅचमध्ये ती पहिली होती. शोभा म्हणाली, "ये, माझ्या टेबलावर बस. एक कॉइल करून दाखव आम्हाला."

ती बसली. कडी धरली, तार ओवली आणि दहाबारा फेऱ्यांतच तार ढिली पडली. फेऱ्यावर फेरा चढला. तिनं सोडवून परत सुरू केलं, तर तार तुटली. बायका हसल्या, ती पण हसली. म्हणाली, "साडीमुळं होतंय." पण मी तिचा चेहरा बघितला. तो पांढराफटक पडला होता.

घरी आल्यावर म्हणाली, "आई, ते काम मी करतच नव्हते गं. माझी बोटं वाकडी गेली की यंत्र ती सरळ करून घेतं, आणि मला मोज्यात सरळच जाणवतं. मला वाटायचं, मला येतंय."

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीला कळवलं की मला हॉलमध्ये बसू द्या, मला काम शिकायचंय. उत्तर आलं की तुमचे गुण बॅचमध्ये सर्वांत जास्त आहेत, आपणास प्रत्यक्ष प्रशिक्षणाची गरज दिसत नाही, शिवाय वैद्यकीय कारण आहेच. मी एचआरच्या बाईशी जाऊन भांडले. ती म्हणाली, "काकू, दुसऱ्या आया मुलीला घरून करू द्या म्हणून येतात, तुमचं उलटंच." मी तोंडाला येईल ते बोलून आले, उपयोग काही झाला नाही.

मग ईश्वरीनं आपलं आपण शिकायचं ठरवलं. माझ्याकडून नापास झालेल्या कड्या आणि उरलीसुरली तार मागून घेतली. कामाच्या मधेच ती मोजे काढायची, साध्या हातांनी एकदोन फेरे ओवायची, परत मोजे घालायची. तेवढा वेळ सावली काम धरून ठेवते हे तिला माहीत होतं. मलाही तिनं सांगितलं होतं. मी म्हणाले, "कर बाई, पण खाण्याची वेळ चुकवू नकोस." काम खरंच हाताला यावं या नादानं तिला पछाडलं होतं. ताटावरून उठून तार हातात घ्यायची.

तो दिवस कार्तिकातला होता. सकाळी मी निघताना ती इन्सुलिन घेत होती. म्हणाली, "उपीट गरम करून खाते, तू जा." हॉलमध्ये आले तर तिसऱ्या टेबलावर दिवा हिरवा, हात कामाला लागलेला. मी जाता जाता विचारलं, "खाल्लंस का गं?"

"हो आई, खाल्लं."

दुपारी डबा उघडताना परत हाक मारली, "जेवलीस का?"

"जेवले ना. तू जेव."

दिवसभर हात असा चालला होता की डुंबरेसुद्धा उभा राहून बघत होता. एक कंप नाही, एक फेरा वाकडा नाही. शिफ्ट सुटली तेव्हा स्पीकरमधून आलं, "चल आई, ये घरी." मी गेटवर मोबाइल काढला. सेन्सरनं सकाळपासून शिट्या मारून मारून पडदा भरला होता.

घरी ईश्वरी ओट्याजवळ पडली होती. हातमोजे टेबलावर, उपीट कढईत तसंच. तिच्या मुठीत अर्धी ओवलेली कॉइल होती. श्वास चालू होता. मी तिच्या गालाला आतून साखर चोळली, हाका मारल्या, शेजारच्यांनी गाडी काढली. नाशिकला डॉक्टरांनी जीव वाचवला. पण म्हणाले, मेंदूला फार वेळ साखर मिळाली नाही, जे गेलं ते परत येणार नाही.

ती आता बघते. घास तोंडाशी नेला तर गिळते. बोलत नाही. हातात वाटी दिली तर वाटी पडते. तिचे पप्पा ट्रेलर सोडून घरी बसले, तिला भरवतात, तिची वेणी घालतात. ती मला ओळखते की नाही हे मला अजून सांगता येत नाही.

डुंबरेला मी आमच्या वरांड्यात उभा केला आणि विचारलं, "पोरगी जमिनीवर पडली होती, मग मला जेवले असं कोण म्हणालं?"

त्याला मान वर करता येईना. म्हणाला, "बोलण्यालाही उशीर लागतो ना काकू. म्हणून छोटी छोटी उत्तरं सावलीच देते. हो, नाही, येते. ईश्वरी नेहमी काय म्हणते, त्यावरून."

"ती नेहमी जेवले म्हणायची. जेवली नसली तरी म्हणायची. मी काळजी करू नये म्हणून."

"सावलीला तेवढंच माहीत," तो म्हणाला.

"आणि चहा गाळून होईपर्यंतचं काय झालं?"

"ती मर्यादा काढून टाकली होती. काम थांबत होतं म्हणून. कंपही गाळून टाकायला सांगितलं होतं, नग खराब होतात म्हणून. कुणाला कळवलं नाही."

त्याला थोबाडीत द्यावी असं वाटलं. दिली नाही, कारण निदान तो आला तरी होता. बाकीच्यांनी फुलं पाठवली.

घर चालवायला कुणीतरी कामावर जायला हवं होतं, म्हणून मी परत गेले. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर तिसऱ्या टेबलावर दिवा हिरवा. हात चालू होता.

"आलीस आई? उशीर झाला आज," ईश्वरीच्या आवाजात आलं.

शोभानं धावत येऊन मला धरलं. "यांनी चालूच ठेवलाय गं. मी तक्रार केली. कुणी ऐकत नाही."

मी हाताजवळ गेले. सांगितलं, "इशू दवाखान्यात होती. बोलत नाही आता."

हात क्षणभर थांबला. मग म्हणाला, "रडू नको आई. मी आहे ना."

अगदी तशीच म्हणाली असती ती.

आता जे सांगते ते सांगायला जड जातं. पुढचे दिवस मी त्या हाताजवळ चहा प्यायला लागले. त्याला घरचं सांगायचे, पप्पांनी भाजी खारट केली, समोरच्यांची गाय व्याली. तो हसायचा. मला चिडवायचा. माझ्या पोरीचं हसू ह्या जगात आता तेवढ्या एका ठिकाणी उरलं होतं. सकाळी घरातून निघायची मला घाई व्हायला लागली. घरी खुर्चीत माझी ईश्वरी मान कलती करून बसलेली असायची, आणि मी तिचं तोंड भराभरा पुसून हॉलकडे पळायचे. एका सकाळी तिनं माझा पदर बोटात धरला. म्हणजे अडकला असेल, कोण जाणे. मी तो सोडवून घेतला, कारण रिक्षा थांबली होती. रिक्षात बसल्यावर मला माझीच शिसारी आली.

त्या दिवशी मी डुंबरेला म्हणाले, "बंद कर तो हात."

"इंटर्ननं स्वतः सोडलं तरच बंद होतो, काकू. आणि तिनं तर मुदत वाढवून घेतलीय."

"कुणी?"

त्यानं पडद्यावर दाखवलं. ईश्वरी आयसीयूत नळ्या लावून पडली होती त्या आठवड्यात तिच्या खात्यावरून विचारणा झाली होती, इंटर्नशिप पुढे चालू ठेवणार का? उत्तर होतं, हो. सावलीनं दिलेलं.

"कायद्यानं ते तिचंच उत्तर धरतात," डुंबरे म्हणाला. मग इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "एकच नियम आहे. एखाद्या टेबलाचे नग सलग नापास होत राहिले, तर तिथली सावली आपोआप पुसली जाते. पण तिचे नग नापास होत नाहीत, आणि टेस्टिंगला तुम्ही आहात."

तो गेला. मी भिंगासमोर बसून राहिले. इतकी वर्षं टेस्टिंगला काढली. चांगला नग मी कधी नापास केला नव्हता आणि वाईट कधी पास केला नव्हता. माझ्याकडे दुसरी कसली इस्टेट नाही.

"आई, झाली बघ," तिसऱ्या टेबलावरून आलं.

कॉइल माझ्यापुढे आली. भिंगाखाली धरली. फेऱ्याला फेरा लागलेला, कुठं केसाइतकी फट नाही. मीटरचा आकडा चोख होता. मी कात्री घेतली आणि तार मधोमध कापली, कारण नापास नग कुणी वापरू नये म्हणून आम्ही तो कापतो. लाल ट्रेमध्ये टाकला.

"नापास," मी म्हणाले.

"काय चुकलं?"

"फेरा चढलाय."

"बरं. परत करते."

दुसरी आली, पहिलीपेक्षा सरस. तीही कापली. तिसरी कापली. हात सावकाश चालायला लागला, जपून ओवायला लागला. आवाज बारीक झाला होता.

"आई, नीट दाखव ना कुठं चुकतंय. मला शिकायचंय."

माझ्या डोळ्यांपुढं भिंग धूसर झालं. शोभा उठून आली. लाल ट्रेमधली एक कॉइल तिनं उचलली, उजेडात धरली, बराच वेळ बघितली. तिला कळलं. माझ्याकडं तोंड करून उभी राहिली, मला वाटलं आता सुपरवायझरला हाक मारते. तिनं कॉइल परत ट्रेमध्ये ठेवली, तिसऱ्या टेबलावरून पुढची आणली आणि माझ्यासमोर सरकवली.

मी ती कापली. त्याच्या पुढचीही कापली.

"रागावलीस का माझ्यावर?" हात म्हणाला.

"नाही गं बाळा."

"मग मी अजून सुधारते. थोडा वेळ दे."

पडद्यावर सूचना आली, तिसरं टेबल थांबवत आहोत. दिवा लाल झाला. बोटं होती तिथं राहिली, तार कडीतून अर्धी ओवलेली. स्पीकरमधून मग काहीच आलं नाही.

मी त्या बोटांतून कॉइल सोडवून घेतली आणि भिंगाखाली धरली. जेवढी झाली होती तेवढी निर्दोष होती. ती कापली, नापास लिहिलं आणि शिफ्ट सुटायची वाट न बघता घरी निघाले.